आधी समज, मग अंगठा

नव्या औषधाच्या चाचणीचे नाव काढले की आमच्या हिवरखेडच्या पारावर एकच सूर निघतो : "गरिबाचा उंदीर करतेत!" मला तो मुळीच मान्य नाही.

यकृत पोखरणारा 'हेपटायटिस सी' घ्या. त्याचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. पुढे कित्येक वर्षे इंटरफेरॉनची इंजेक्शने सहा महिने, वर्षभर टोचून घ्यावी लागत. बरे होत ते निम्म्याच्या आसपास. सोफोसबुविरला अमेरिकेत २०१३ साली मंजुरी मिळाली. आता जोडीच्या औषधासह बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या पुरतात, आणि शंभरांत नव्वदांहून अधिक बरे होतात. आपल्या देशात २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. ही पुण्याई कोणाची? आधी चाचणीला उभे राहिलेल्या रोग्यांची! त्यांना उंदीर म्हणणे हा शुद्ध कृतघ्नपणा होय.

पण डॉक्टरसाहेब, तुम्हीही ऐका. रोग्याला कळेल अशा भाषेत संमतिपत्र हवे, चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाई हवी, असे २०१९ चे नियम सांगतात. मग अंगठा उठवण्याची एवढी घाई कशाला? पोरांना न उमगलेला धडा 'झाला' म्हणून मी हजेरीपटाआड लपत नाही. गावकऱ्यांनी समजून घेतल्यावाचून अंगठा देऊ नये, आणि तुम्ही समजावल्यावाचून तो मागू नये!