नवा ड्राइव्ह, जुनी वही

मोशी मागे टाकून इंद्रायणीचा पूल ओलांडला की पुणे-नाशिक महामार्गावर चिंबळी आणि त्यापुढे कुरुळी लागते. चाकणच्या कारखान्यांना पोलाद, सुटे भाग, पॅकिंगचे साहित्य पुरविणाऱ्या पेढ्या आणि लहान वर्कशॉप या पट्ट्यात वाढली. त्यांच्या कार्यालयांत नव्या लॅपटॉपशेजारी पिवळसर पडलेला एखादा जुना संगणक अजूनही दिसतो. तो अडगळ म्हणून ठेवलेला नसतो. विंडोज एक्सपीवर चालणारी हिशेबाची जुनी आवृत्ती त्यात असते, आणि कपाटात त्या काळच्या बॅकअपच्या सीडी. दिवाळीला वहीपूजन लाल वहीचे झाले, तरी खरी वही या चकत्यांवरच उतरलेली असते.

वस्तू व सेवा कराच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने आणि कंपनीची हिशेबपुस्तके ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात. त्याहून जुने ते निरुपयोगी, असा समज यातूनच होतो. परंतु शेड विकण्याची वेळ आली, की २००६ साली केलेल्या वाढीव बांधकामाचा खर्च भांडवली नफ्यातून वजा मिळावा म्हणून त्याचा आधार शोधावा लागतो. भावाभावांच्या वाटणीत कोणी किती भांडवल घातले हा प्रश्न निघाला, तर त्याचेही उत्तर त्याच सीडीत असते. आणि नेमक्या त्या दिवशी संगणकाचा ड्राइव्ह सीडी आत घेऊन नुसता घरघरत राहतो.

मग तपकीर गल्लीतून किंवा ऑनलाइन दुसरा ड्राइव्ह येतो, बसविला जातो, आणि चालत नाही. दोष लगेच नव्या वस्तूवर जातो. वास्तविक निम्म्या वेळी ड्राइव्ह निर्दोष असतो. त्याला बसविताना जुन्या घराची रीत पाळलेली नसते.

पहिली रीत जोडणीची. वीजपुरवठ्याची वायर काढून पेटी उघडावी. जुन्या संगणकात ४० टाचण्यांची रुंद पट्टी केबल असते, नंतरच्या ड्राइव्हला अरुंद साटा केबल लागते. दोन्ही एकमेकांत बसत नाहीत, म्हणून खरेदीआधीच जुन्या ड्राइव्हची मागची बाजू मोबाइलवर टिपून घ्यावी. पट्टी केबलची लाल कडेची तार पहिल्या टाचणीकडे येते. बहुतेक ड्राइव्हमध्ये ती वीजजोडाच्या बाजूला असते. उलटी बसली तर संगणकाला ड्राइव्ह दिसतच नाही.

सर्वाधिक घोटाळा जम्पर नावाच्या इवल्याशा तुकड्यात आहे. एका पट्टी केबलवर दोन उपकरणे असतात. त्यांतले एक ‘मास्टर’ आणि दुसरे ‘स्लेव्ह’ ठरवावे लागते. दोघेही मास्टर झाले, तर एका गादीवर दोन शेटजी बसल्यासारखी अवस्था होते: कधी हार्ड डिस्क गायब, कधी ड्राइव्ह, कधी संगणक सुरूच होत नाही. जुन्या ड्राइव्हचा जम्पर ज्या जागी होता तीच जागा नव्याला द्यावी. जम्पर ‘केबल सिलेक्ट’वर असेल, तर ८० तारांच्या केबलचे निळे टोक मदरबोर्डला, काळे मास्टरला आणि मधले करडे स्लेव्हला जाते.

यानंतर विंडोजकडे वळण्यापूर्वी बायोसचा पडदा पाहावा. संगणक सुरू होताच तेथे ड्राइव्हचे नाव उमटत असेल तर वीज, केबल व जम्पर बहुधा ठीक आहेत. नाव नसेल तर विंडोजमध्ये कितीही शोधले तरी हाती काही लागणार नाही. या एका पाहणीने अर्धा दिवस वाचतो.

नाव दिसते, पण विंडोजमध्ये पिवळे उद्गारचिन्ह आणि ३९ किंवा १९ क्रमांकाची त्रुटी येते, तेव्हा कारण बहुधा पूर्वी काढून टाकलेले सीडी लिहिण्याचे सॉफ्टवेअर असते. त्याच्या ‘अपरफिल्टर्स’ व ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदी रजिस्ट्रीत उरतात आणि नव्या ड्राइव्हची वाट अडवितात. त्या काढता येतात. मात्र रजिस्ट्रीची प्रत घेतल्याशिवाय तेथे हात घालणे म्हणजे पक्क्या वहीत खाडाखोड करणे. हे काम जाणकाराकडे सोपवावे. ड्राइव्ह चालतो पण अतिशय मंद, असे असेल तर एक्सपीने वारंवार चुका मोजून त्याला ‘पीआयओ’ या संथ पद्धतीत टाकलेले असते. डिव्हाइस मॅनेजरमधून ती आयडीई वाहिनी काढून संगणक पुन्हा सुरू केल्यास वेग सहसा परत येतो.

डीव्हीडी वाचतो आणि सीडी नाकारतो, यातही गूढ नाही. सीडीसाठी ७८० आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा असे दोन निराळे लेसर किरण लागतात. एक थकला तरी दुसरा चालू शकतो. म्हणून परीक्षा दोन्ही चकत्यांनी घ्यावी.

शेवटी चकतीच दोषी असू शकते. लिहिता येणाऱ्या सीडीचा चकाकता थर नाव लिहिण्याच्या बाजूला, पातळ लाखेखाली असतो. बॉलपेनने वर्ष लिहिले की तो दुखावतो. पुसताना मऊ कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ पुसावे, गोल नव्हे. त्या काळी बाजारात मोझर बेअरच्या चकत्या सर्वत्र होत्या; ती कंपनी २०१८ साली अवसायनात गेली. चकत्यांचे आयुष्यही अमर्याद नाही.

या सगळ्या खटपटीआधी एक प्रश्न विचारणे श्रेयस्कर: ड्राइव्ह दुरुस्त करायचा आहे की हिशेब बाहेर काढायचा आहे? केवळ हिशेब हवा असेल तर नव्या लॅपटॉपला यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह जोडून सीडी वाचावी आणि आकडी नावांची फोल्डरे पेन ड्राइव्हवरून जुन्या संगणकात न्यावीत. जुना ड्राइव्ह मात्र भंगारात टाकण्याची घाई करू नये. त्याच्यावर लिहिलेली एखादी हट्टी सीडी कधी कधी त्याच्याच हाती उघडते.

प्रत निघाली की दोन ठिकाणी ठेवावी, एक कार्यालयाबाहेर. नंतर हिशेबाचा प्रोग्राम उघडून ३१ मार्चची शिल्लक त्या वर्षाच्या सही झालेल्या छापील ताळेबंदाशी पडताळावी. पैशापर्यंत जुळली, तर त्या चकतीवर खूण करून पुढची घ्यावी.