जिमखान्याचे कूळ

गेल्या उन्हाळ्यात पुण्याचे एक वडीलधारे आप्त आमच्याकडे आठ दिवस राहून गेले. आमच्या नातीच्या तोंडचे 'नक्को' ऐकून त्यांनी तिची मराठी भेसळीची ठरविली. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्याशी इंग्रजीतच बोलू लागली. तेव्हा मात्र आम्हांला स्वस्थ बसवेना; कारण पाहुण्यांचा स्वतःचा पत्ता होता डेक्कन जिमखाना!

सिकंदराबादेस जिमखाना काही नवा नाही. येथले जिमखाना मैदान सर्वांच्या परिचयाचे आहे. पण या इंग्रजी म्हणविणाऱ्या शब्दात इंग्रजीचे स्वतःचे असे काय आहे? यूल व बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात त्याचा माग १८६१ सालच्या रुडकीपर्यंत नेला आहे. साहेबांच्या रॅकेट खेळण्याच्या जागेला हिंदुस्थानी नोकरचाकर 'गेंदखाना' म्हणत. तोच शब्द साहेबांच्या कानी पडला आणि ओळखीच्या 'जिम्नॅशियम'ने त्यातल्या गेंदाला हुसकावून लावले, असा कोशकारांचा तर्क आहे. जिम्नॅशियम मूळचे ग्रीक. त्याच्या पोटी 'उघडा' या अर्थाचा शब्द आहे, कारण ग्रीक तरुण विवस्त्र व्यायाम करीत. 'खाना' म्हणजे घर, हे फारसी. आपल्या दवाखान्यातले आणि तोफखान्यातलेही तेच. मुंबईत १८७५ साली बाँबे जिमखाना निघाला, पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना. त्यातले 'डेक्कन' म्हणजे तरी काय? आपलीच 'दक्षिण', 'दक्खन' होऊन साहेबाच्या तोंडून परतलेली. विलायतेत मात्र जिमखाना म्हणजे मुख्यतः मुलांच्या घोडेस्वारीच्या शर्यती!

आमच्या गावाचे नावही याच घडणीचे. १८०६ साली तिसरे निजाम सिकंदरजाह यांच्यावरून ते पडले. ग्रीक 'अलेक्झांडर'मधला 'अल' अरबांना आपल्या भाषेतला उपपद वाटला. तो बाजूला सारून उरलेल्याचा झाला इस्कंदर, पुढे सिकंदर. त्याला 'आबाद' हे फारसी शेपूट जोडले.

हे सारे आम्ही जेवणानंतर पाहुण्यांना सांगितले. नात दाराआड उभी राहून ऐकत होती. 'मग नक्को कुठले?' पाहुण्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, ते तर आपलेच 'नको'. दखनीने उचलले आणि एक 'क' वाढवून आम्हांला परत दिले. पाहुणे हसले. नातीने लाडवांचे ताट पुढे करून मराठीतच विचारले, 'आजोबा, आणखी एक वाढू की नक्को?'