वाड्याचं हॉटेल करू नका

व्हेनिसमध्ये मी दोन रात्री राहिले. पैसे कंपनीचे. एका रात्रीचं भाडं 50 हजार रुपयांच्या घरात आहे, हे मला निघताना बिल पाहून कळलं. कुणा जुन्या व्यापाऱ्याचा महाल, खिडकीखाली कालवा, छताला लाकडी तुळया आणि त्या तुळयांमध्ये बेमालूम लपवलेले दिवे. मी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "यांना जपता येतं. आपल्याला फक्त पाडता येतं."

लाइक्सचा पाऊस पडला. एका मित्राने लिहिलं, "पारनाक्यावरचा एखादा वाडा घेऊन असंच बुटीक हॉटेल काढायला हवं. जुन्या कल्याणचं सोनं होईल." मी त्यालाही बदाम दिला.

आता मला माझं ते वाक्य मागे घ्यायचंय. आणि त्या मित्राशी भांडायचंय.

पारनाक्याजवळ माझी आत्या राहते. पहिला मजला, दोन खोल्या, लाकडी जिना, महिना भाडं 90 रुपये. म्हणजे माझ्या एका रात्रीत तिची 46 वर्षं मावतात. फोटो पाहून तिचा फोन आला. "छान आहे गं तुळई. आमचीही सागाची आहे, वाळवी लागलीय. जून आला की मी पलंग भिंतीपासून सरकवते. जपायचं म्हणतेस, तर कुणाच्या पैशाने?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शोधायला लागले, तेव्हा आधी व्हेनिसच आठवलं.

माझी खोली आवरणारी बाई रोज सकाळी मेस्त्रेहून यायची. मेस्त्रे म्हणजे खाडीच्या पुलापलीकडचं, जमिनीवरचं उपनगर. रेल्वेने दहा मिनिटं. तिची आजी जुन्या शहरात राहायची, तिला ते परवडत नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत एवढं बोलणं झालं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मेस्त्रे म्हणजे तिथलं डोंबिवलीच की! दुसऱ्यांचं शहर झाडायला, चालवायला सकाळी गाडी पकडायची आणि रात्री परत यायचं. व्हेनिसचा रेल्वे पूल 1846 चा, आपली बोरीबंदर–ठाणे गाडी 1853 ची, कल्याणला ती 1854 मध्ये आली. फक्त आपल्या गाडीत दारात लटकावं लागतं.

रियाल्टो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत एक आकडा झळकतो. जुन्या शहरात किती रहिवासी उरले, त्याचा. 1951 मध्ये ते पावणेदोन लाखांच्या आसपास होते. 2022 मध्ये आकडा 50 हजारांच्या खाली गेला. महालांची हॉटेलं होणं तिथे जुनंच आहे. दांदोलो घराण्याचा चौदाव्या शतकातला महाल 1822 मध्येच हॉटेल झाला. पण आता साध्या घरांचीही पाहुण्यांसाठी भाड्याची घरं झाली. 2024 पासून तर गर्दीच्या दिवशी नुसतं फिरायला येणाऱ्यांना तिकीट आहे. शहराला तिकीट! भिंती जपल्या, हे खरं. भिंतींच्या आतली माणसं मात्र मेस्त्रेला गेली.

तेव्हा मित्रा, तुझं बुटीक हॉटेल उभं राहिलं तर काय होईल ते सांगते. तुळईची वाळवी जाईल. दिवे लागतील. भिंतीवर फ्रेम लागेल की पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रंथात कल्याण बंदराचं नाव आहे, व्हेनिस वसण्याच्या कितीतरी आधी. फ्रेममधलं सगळं खरं असेल. आणि आत्या टिटवाळ्याच्या पुढे कुठेतरी भाड्याने राहत असेल. नातसून तिथे खोल्या आवरायला आली, तर तेवढाच तिचा वाड्याशी संबंध.

"मग काय, तसंच पडू द्यायचं?" नाही. पडतं तेव्हा काय होतं, ते आपण पाहिलंय. 2015 मध्ये 28 जुलैला ठाकुर्लीत आणि बरोबर आठवड्याने, 4 ऑगस्टला, ठाण्यात नौपाड्यात इमारत कोसळली. दोन्हीकडे मिळून वीसच्या आसपास माणसं गेली. जुन्या घरांच्या आठवणींनी गहिवरणाऱ्या प्रत्येक पोस्टखाली या दोन तारखा लिहायला हव्यात.

पण पडण्याचं कारण "आपल्या लोकांना किंमतच नाही" हे नाही. कारण साधं आणि कंटाळवाणं आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार मालक भाडं वर्षाला 4 टक्के वाढवू शकतो. आत्याच्या बाबतीत 3 रुपये 60 पैसे. एवढ्यात कुठला मालक तुळई बदलेल? भाडेकरूने पदरचे पैसे घालावेत, तर घर त्याचं नाही. दोघंही वाट बघतात. मालक घर पडायची, भाडेकरू बिल्डर यायची. मध्ये पावसाळे जातात.

दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या जुन्या चाळींसाठी निदान एक वाट काढली गेली. 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं, उपकर गोळा व्हायला लागला. आज ते म्हाडाकडे आहे. त्याच्या संथपणावर वेगळा लेख होईल. पण ते आहे. आणि ते शीव-माहीमच्या पुढे येत नाही. वाळवी मात्र ठाण्यालाही येते, कल्याणलाही येते. मग तसं मंडळ इथे का नको? राहत्या माणसाला राहू देऊन दुरुस्ती, तिला सरकारी पैसा, आणि भाडं दोघांनाही झेपेल असं. ही मागणी इन्स्टावर चालणार नाही, तिचा फोटो निघत नाही. तरी ती करायला हवी, कारण बिल्डर आणि हॉटेल यांच्यामध्ये तिसरा रस्ता तेवढाच आहे.

मी ती पोस्ट काढून टाकली नाही. फक्त खालचं वाक्य बदललं. आता तिथे लिहिलंय, "इथे पूर्वी कोण राहायचं?"

गेल्या रविवारी आत्याकडे गेले होते. चहा झाल्यावर तिने मला स्टुलावर चढवलं आणि तुळईला वाळवीचं औषध मारायला लावलं. बाटली 340 रुपयांची. जवळजवळ चार महिन्यांचं भाडं.