भरतीच्या वेळी रोहितांनी जायचं कुठे?

ओहोटी लागली की ठाण्याच्या खाडीचा चिखल दूरवर उघडा पडतो. वाशी आणि ऐरोलीच्या पुलांवरून रोज जाणाऱ्यांना तो ओसाड वाटतो. पण कच्छच्या रणाकडून येणारे हजारो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, त्याच चिखलावर पोसतात. धाकटा रोहित मान खाली घालून चोच पाण्यात उलटी धरतो, जिभेनं पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीतल्या बारीक जाळीत शेवाळ गाळून घेतो. त्याच्या पायाशी निवट्या सरपटत असतात, चिंबोऱ्यांची बिळं असतात. काठच्या तिवरांत कोल्हे राहतात, तेही मुंबईच्या इतक्या जवळ!

उत्तरेला उल्हास नदीशी अरुंद फाट्यानं जोडलेली आणि दक्षिणेला मुंबई बंदरात उघडणारी ही खाडी साधारण 26 किलोमीटर लांब आहे. 2015 साली तिचा 1,690 हेक्टर भाग रोहितांचं अभयारण्य झाला. 2022 मध्ये ती पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेली. मग आता काळजी कसली, असं कुणी विचारेल.

काळजी भरतीची आहे. पाणी चढलं की चिखल बुडतो आणि पाखरांना उभं राहायला उथळ जागा लागते. म्हणून ती काठावरच्या मिठागरांत, नेरूळच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळींत येतात. या जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर, आणि बांधकामाची नजर नेमकी त्यांच्यावरच. 2024 च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, तलाव सुकला आणि तिथे रोहित मेले. खाडी राखून तिचा काठ विकायचा, हे मला संवर्धन वाटत नाही. खाणावळ चालू ठेवून निवारा पाडला, तर पाखरू टिकेल कसं?

नवी मुंबई, ठाणे, भांडुप, मुलुंडच्या रहिवाशांनो, आपल्या जवळच्या पाणथळीवर भरतीच्या वेळी जा. पाणी आत येतंय का, ते पाहा. नाला बुजलेला दिसला किंवा राडारोड्याची गाडी रिकामी होताना दिसली तर तारीख-वेळेसह फोटो काढा आणि पालिकेकडे, वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार करा. पोच घ्यायला विसरू नका. तिवरांच्या तोडीला उच्च न्यायालयानं 2018 मध्ये मनाई केली आहे आणि भोवतीचा 50 मीटरचा पट्टाही राखायला सांगितला आहे. तक्रारीत त्याचा उल्लेख करा. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा: या पाणथळींना कायद्याचं संरक्षण कधी देणार? रोहित नोव्हेंबरच्या सुमारास येऊ लागतात. बुजलेल्या वाटा त्याआधी मोकळ्या व्हायला हव्यात.