वेगाला हवी साधनेची जोड

जानेवारी २००८. सिडनीच्या कसोटीतील पंचांचे सदोष निर्णय आणि हरभजन सिंगवरील आरोप यांमुळे अवघा देश संतप्त होता. या साऱ्याला भारतीय संघाने उत्तर दिले ते पर्थच्या मैदानावर. ऑस्ट्रेलियाचा ७२ धावांनी पराभव झाला आणि त्यांची सलग १६ कसोटी विजयांची मालिका खंडित झाली. एकोणीस वर्षांच्या इशांत शर्माने दोन्ही डावांत रिकी पाँटिंगला बाद केले. दुसऱ्या डावात कर्णधार अनिल कुंबळे त्याला विश्रांती देण्याच्या विचारात होते. वीरेंद्र सेहवागच्या सूचनेवरून त्याला आणखी एक षटक मिळाले आणि त्याच षटकात पाँटिंग द्रविडच्या हाती झेल देऊन परतला. भारत हा केवळ फिरकीचा देश, या समजुतीला तो सणसणीत तडाखा होता.

पुढच्याच महिन्यात बाजारपेठेने या गुणवत्तेचे मोल ठरवले. आयपीएलच्या पहिल्या लिलावात इशांतवर साडेनऊ लाख डॉलरची बोली लागली. मात्र बोलीने बळी मिळत नाहीत. पुढची अनेक वर्षे त्याची कामगिरी हेलकावे खात राहिली. २०१३ मध्ये मोहालीत जेम्स फॉकनरने त्याच्या एका षटकात ३० धावा काढल्या, तेव्हा कालचे स्तुतिपाठकच टीकेत आघाडीवर होते. इशांत मात्र खचला नाही. २०१४ मध्ये लॉर्ड्सवर ७४ धावांत ७ बळी घेऊन त्याने विजय खेचून आणला. २०१८ मध्ये ससेक्सकडून काउंटी खेळताना, अनुभवाच्या त्या टप्प्यावरही, तो नवे शिकला. १०५ कसोटी आणि ३११ बळी ही त्या चिकाटीची फलश्रुती होय.

हे स्मरण आज आवश्यक आहे. २०२४ मध्ये मयंक यादवने ताशी १५६.७ किलोमीटर वेगाने चेंडू टाकला आणि ग्वाल्हेरला आंतरराष्ट्रीय पदार्पणातील पहिलेच षटक निर्धाव टाकले. पुन्हा तेच स्तुतिघोष झाले. परंतु दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही. २०२५ च्या आयपीएलमध्ये तो दोनच सामने खेळू शकला.

वेग ही निसर्गाची देणगी असली, तरी तिचे जतन मनुष्यालाच करावे लागते. अपरिपक्व देहावर अतिरेकी भार टाकणे आणि दोन महिन्यांच्या झगमगाटासाठी दहा वर्षांची कारकीर्द पणाला लावणे, ही गुणवत्तेची उधळपट्टी आहे. असा गोलंदाज ही कोणा संघमालकाची मिळकत नसून राष्ट्राची ठेव आहे. त्याला पुरेशी विश्रांती आणि रणजीसारख्या स्पर्धांतील दीर्घ तालीम देण्याचे उत्तरदायित्व क्रिकेट मंडळाचे आहे. क्रीडारसिकांनीही त्याला एका षटकात देव आणि दुसऱ्या षटकात दानव ठरवण्याचा मोह आवरावा. अंकुर दिसताच फळे मागणाऱ्याच्या अंगणात वृक्ष उभा राहत नाही.