गिअर अडतो? आधी बुश बघा!

जुन्या गाडीचा गिअर अडायला लागला की दोन सल्ले हमखास मिळतात. गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." मित्र म्हणतात, "फुंकून टाक ना आता!" माझ्या मते दोन्ही सल्ले तपासणीच्या आधीचे, म्हणून दोन्ही बाद.

प्रीमिअर पद्मिनीच घ्या. दादर-परळमध्ये वाढलेल्यांनी टॅक्सीवाल्याला स्टिअरिंगजवळचा तो दांडा वर-खाली करताना पाहिलेलंच असतं. दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामधे रॉड असतात, सांधे असतात आणि सांध्यांत बुश. बुश झिजले की प्रत्येक सांधा थोडाथोडा ढिला होतो. हात पूर्ण हलतो, पण गिअरबॉक्सपर्यंत अर्धीच हालचाल पोचते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर ठणठणीत, मधली केबल सैल!

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांखाली विटा. एकाने दांडा सावकाश हलवायचा, दुसऱ्याने बॉनेट उघडून रॉडची टोकं बघायची. दांडा हलला पण रॉड उशिरा हलला? दोष बाहेरच. बंद इंजिनवर गिअर सहज पडतो, चालू इंजिनवर खरखरतो? आधी क्लच बघा. हालचाल पूर्ण पोचते, तरी गिअर निसटतो? मग मात्र गिअरबॉक्सवर संशय घ्या. आणि हो, नवे बुश टाकल्यावर रॉड पुन्हा जुळवून घ्यावे लागतात, नाहीतर खर्च करून दुखणं तिथेच.

ताडदेव आरटीओत २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर रस्त्यावरून उतरली. त्याबद्दल तक्रार नाही. पण टॅक्सी गेल्या की त्यांच्यावर जगणारं कामही आटतं, आणि नुसता दांडा हलवून दोष ओळखणारे हातही.

खाजगी गाडीचं तसं नाही. पंधरा वर्षांनंतर तपासणीत पास झाली तर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. म्हणजे कायदासुद्धा आधी तपासा असंच म्हणतो.

मग अडतं कुठे? आपण पार्टचे पैसे मुकाट देतो, निदानाचे द्यायला कुरकुरतो. बुश बदलून मेकॅनिकला मिळणार किती? साहजिकच त्याला गिअरबॉक्स उतरवणं परवडतं. आपण स्वतः डिबगिंगच्या तासांचा पगार घेतो की नाही? मग तासभर नुसतं बघण्याचे पैसे त्याने मागितले, तर घासाघीस न करता द्या.