परके नेमके काय?

कडोदऱ्याच्या चार रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर मी गाण्याची शिकवणी घेतो. माझे वडील बडोद्याच्या कलावंत कारखान्यात चाकरीला होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. गेल्या महिन्यात एक गृहस्थ आले. बडोद्याच्या जुन्या मराठी घराण्यातले, नोकरीनिमित्त इकडे राहिलेले. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे शिकतो. "मास्तर, याचे गाणे बंद करा. बायकी होत चालला आहे," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी खरे कारण सांगितले. मुलाने घरी स्पष्ट सांगून टाकले होते, 'माझ्यासाठी मुलगी पाहू नका. माझे मन एका मित्रावर आहे.'

आमचे एक गुजराती शेजारी तेव्हा ओसरीवर बसले होते. 1972 मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकलले, तेव्हा ते लहानपणी आईबापांबरोबर कंपालाहून इकडे आले. ते लगेच म्हणाले की युगांडाने 2023 साली केला तोच कायदा बरा. त्या कायद्यात पुरुषापुरुषांच्या संबंधाला जन्मठेप आहे आणि काही प्रसंगी देहान्तशासनही. हे खूळ आफ्रिकेत नव्हते, आपल्याकडेही नव्हते, गोऱ्यांनी आणले, असे त्यांचे म्हणणे. गृहस्थांनी मान डोलावली.

मला हे पटले नाही. उत्तर युगांडातील लांगी लोकांत स्त्रीवेषाने राहणारे, स्त्रियांची कामे करणारे पुरुष होते. त्यांना 'मुदोको डाको' म्हणत आणि ते पुरुषाशी लग्नही करीत. ड्रायबर्ग या इंग्रज अधिकाऱ्याने 1923 च्या आपल्या ग्रंथात याची नोंद केली आहे. शेजारच्या केनियात नांदी जमातीची पुत्रहीन प्रौढ स्त्री रीतसर देज देऊन तरुण मुलीशी विवाह करते आणि मग समाज तिला पुरुष मानतो. अर्थात हा विवाह वारसासाठी असतो. त्याला प्रेमविवाह म्हणणे चुकीचे होईल. पण स्त्री कोण आणि पुरुष कोण, याची उत्तरे त्या भूमीत एकाहून अधिक होती, एवढे त्यातून दिसतेच.

मग परके ते काय? 1860 ची भारतीय दंडसंहिता इंग्रजांनी केली, तिचे 377 वे कलमही त्यांचेच. तीच संहिता त्यांनी पुढे पूर्व आफ्रिकेतील आपल्या मुलखांतही लागू केली. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर कमाल केली. नोंदवहीत नाव चढलेला हिजडा स्त्रीवेषाने रस्त्यावर दिसला, किंवा चारचौघांत नाचला, वाजवू लागला, तरी त्याला दोन वर्षांपर्यंत कैद! वाजवणे हाही गुन्हा ठरू शकतो, हे वाचून माझ्यासारख्या वाजंत्र्याच्या अंगावर काटा येतो.

आणि आपले बडोदे? बेचराजीचे बहुचरा मातेचे देऊळ मानाजीराव गायकवाडांनी 1783 मध्ये बांधले. ज्यांना गुजरातेत पावैया म्हणतात त्यांची ती कुलस्वामिनी. पण एवढ्यावरून आपण पाठ थोपटून घेऊ नये. पावैयांना आपण बाळाच्या बारशाला दारात टाळी वाजवू दिली, आशीर्वाद घेतला, पण जेवायला पाटावर बसवले नाही. त्या गृहस्थांच्या दिवाणखान्यात शालू नेसलेल्या बालगंधर्वांचे छायाचित्र आहे. बालगंधर्व नट होते. भूमिकेवरून त्यांच्या खासगी आयुष्याविषयी काही ताडणे अन्यायाचे होईल. माझा प्रश्न आपल्याविषयी आहे. रंगभूमीवर पुरुषाच्या गळ्यातले मार्दव ज्यांनी डोक्यावर घेतले, त्यांना स्वतःच्या मुलाच्या गळ्यातले मार्दव रोग का वाटावे?

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांना मान्यता दिली आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. आफ्रिकेतही बोत्स्वानाच्या न्यायालयाने 2019 मध्ये तेच केले. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास मात्र आपल्या न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी नकार दिला. ते काम त्याने संसदेवर सोडले. पण मुलाला घरात ठेवावे की घराबाहेर काढावे, याचा निकाल कोणतेही न्यायालय देत नसते. तो आईबापांनाच द्यावा लागतो.

मी त्या गृहस्थांना एवढेच सांगितले, "गाण्याने मुलगा असा झालेला नाही आणि गाणे बंद केल्याने तो वेगळा होणार नाही. फक्त मुका होईल. त्याच्या मित्राला एकदा घरी जेवायला बोलवा." ते काही न बोलता उठून गेले. पुढच्या बुधवारी मुलगा आला. मी तंबोरा जुळवून त्याच्या हाती दिला. जेवणाचे आमंत्रण अजून गेलेले नाही, असे तो सांगतो.